मापाचा गालिचा विणून घेताना: माझा अनुभव

ठाण्यातल्या आमच्या हॉलला तयार मापाचा एकही गालिचा धड बसेना. पाच बाय आठ घेतला तर सोफ्याचे पुढचे पाय टाइल्सवरच राहतात आणि सहा बाय नऊ थेट आत उघडणाऱ्या दाराखाली जातो. शेवटी साडेपाच बाय आठचा विणून घ्यायचं ठरवलं.

आधी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून त्या मापाचा कागद केला आणि काही दिवस हॉलमध्ये पसरून ठेवला. हे जरूर करा. फुटाचे आकडे ऐकून काही कळत नाही. सासूबाई वॉकर घेऊन चालतात. कागद बघूनच त्या म्हणाल्या, "अगं, काठ जाड नको हं, वॉकर अडकेल." झालं, पाय रुतणारे सगळे मऊ, जाड नमुने तिथेच बाद! सतरंजी पातळ असते, तिचाही विचार केला. पण गुळगुळीत टाइल्सवर ती सारखी गोळा होते, म्हणून तीही नको.

दुकानांत फिरताना एक शब्द फार ऐकू येतो: हँडमेड. तो खोटा नसतो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू मावतात. पहिली टफ्टेड. चौकटीवर ताणलेल्या कापडात टफ्टिंग गनने धागे घुसवतात, मागून लॅटेक्स फासतात आणि वर अस्तर लावतात. दुसरी नॉटेड, म्हणजे मागाच्या ताण्यांवर (उभ्या ताणलेल्या धाग्यांवर) एकेक गाठ हाताने मारलेली. ओळखायचं कसं? गालिचा उलटा करा. मागे कापडी अस्तर दिसलं तर बहुधा टफ्टेड. गाठी आणि पुढचीच नक्षी मागेही स्पष्ट दिसली तर नॉटेड. टफ्टेड स्वस्त आणि लवकर मिळतो, पण काही वर्षांनी लॅटेक्स सुकून त्याची भुकटी गळू लागते, कधी वासही येतो. आमच्याकडची दमट हवा बघता मला ते नको होतं. नॉटेडचा भाव दुपटीहून जास्त होता. मग नक्षी साधी घेतली आणि पैसे विणीवर घातले.

ऑर्डर दिली भदोहीच्या एका विणकामवाल्याकडे. उत्तर प्रदेशातल्या भदोही-मिर्झापूर पट्ट्यातल्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बोलणं व्हिडिओ कॉलवर, हिंदीत. मी चौरस इंचाला ८० गाठींची वीण निवडली. "मॅडम, इससे महीन लेंगी तो दाम भी बढ़ेगा, टाइम भी," असं त्यांनी सरळ सांगितलं. हिशेब करून पाहिला: ४४ चौरस फूट म्हणजे ६,३३६ चौरस इंच, म्हणजे पाच लाखांवर गाठी. मग 'कधी होणार?' असं विचारायची माझी घाई आपोआप कमी झाली.

विणणारे हात कुणाचे, हेही विचारलं. कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकारातून १९९४ मध्ये रगमार्क नावाने सुरू झालेलं लेबल आता गुडवीव्ह म्हणून ओळखलं जातं. बालमजुरी टाळण्यासाठी ते आहे आणि प्रत्येक लेबलवर वेगळा क्रमांक असतो. नुसतं 'हमारे यहाँ बच्चे काम नहीं करते' एवढ्यावर मी थांबले नाही, लेबल मागितलं.

खरा वेळ गेला तो नमुन्यात. फूटभर तुकडा विणून पाठवतात, त्याला ते स्ट्राइक-ऑफ म्हणतात. त्याचे पैसे लागले तरी द्यावेत. ओल्या पांढऱ्या रुमालाने तो घासला, रंग उतरला नाही. एक धागा काढून जाळला: केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख, म्हणजे लोकरच. प्लास्टिकचा धागा वितळून कडक मणी होतो. चमक हवी तर 'बांबू सिल्क' घ्या, असा आग्रह एका दुकानात झाला होता. तो प्रकार बहुतेक वेळा व्हिस्कोस, म्हणजे वनस्पतींच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा असतो. पाणी सांडलं की डाग धरतो, आणि आमच्या घरी तर चहा सोफ्यावरच होतो. रंगाचं म्हणाल तर दिवसा छान वाटणारा विटकरी आमच्या पिवळ्या दिव्याखाली तपकिरी दिसला, म्हणून एक छटा उजळ करून घेतली.

झालर मात्र काढायला सांगितली. नॉटेडमध्ये ती ताण्यांचीच टोकं असतात, त्यामुळे कापून टाकता येत नाही. मागे दुमडून शिवून देतात.

गालिचा आला तो लांबीला इंचभर कमी भरला. हातकामात, धुलाईनंतर, इतकं चालतं. बिल प्रत्यक्ष मापावर फुटाने लावलं होतं. लोकरीची लव एका बाजूला झुकलेली असते, त्यामुळे खिडकीकडून रंग फिका आणि दाराकडून गडद दिसतो. आम्ही दोन्हीकडून फिरवून पाहिला आणि गडद बाजू दाराकडे ठेवली, कारण धूळ तिथूनच येते. खाली रबरी जाळी अंथरली आहे. सुरुवातीला लोकरीचा भुसा निघतो, व्हॅक्यूम हलक्या हाताने फिरवायचा. पावसाळ्यानंतर उलटा करून उन्हं दाखवायची, नाहीतर कसर लागते. आणि विणकामवाल्याकडून उरलेली लोकर मागून घ्या, पुढे दुरुस्तीला त्याच रंगाचा धागा मिळणं कठीण.