दोनशे काचा

इंग्लंडमध्ये विल्टशरमधल्या लेकॉक ॲबी या जुन्या मठाच्या घरात परवा दुपारी एका खिडकीसमोर उभी राहिले आणि नकळत काचा मोजायला लागले. जुनी खोड. लहानपणी ताप आला की आजोळच्या माजघरात पडल्या पडल्या मी खिडकीचे गज मोजायचे. अकरा. ताप चढला की कधीकधी बारा भरत. त्याच भिंतीत एक बुजवलेलं दार होतं. वाटण्या झाल्या तेव्हा बुजवलेलं. अलीकडच्या बाजूला त्याचा कोनाडा झाला होता, पण आजी शेवटपर्यंत म्हणायची, "दारातला कंदील आण गं."

लेकॉकला उलटं झालंय. तेराव्या शतकात एला नावाच्या सरदारणीने नन्ससाठी इथे मठ बांधला. राजा आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडले, त्यात 1539 मध्ये हाही गेला. शॅरिंग्टन नावाच्या गृहस्थाने तो विकत घेतला. (हा पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीतल्या लबाडीत सापडला.) त्याने चर्च पाडलं, पण एक भिंत ठेवली. तीच घराची दक्षिण बाजू. खाली नन्सच्या ओवऱ्या जशाच्या तशा, वर याचा संसार! अठराव्या शतकातल्या मालकाने तर मुद्दाम जुना दिसेल असा नवाकोरा गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या धाटणीचा, दिवाणखाना बांधून घेतला. घरात खरंखुरं गॉथिक ढिगाने पडलेलं असताना. हौस, दुसरं काय.

मग 1830 च्या आसपास घराचा तेव्हाचा मालक, फोटोग्राफीच्या आद्य जनकांपैकी एक हेन्री फॉक्स टॅलबट, याने चर्चच्या त्या भिंतीत बाहेर डोकावणाऱ्या खिडक्या बसवून घेतल्या. त्यांतल्याच एकीचा फोटो त्याने 1835 च्या ऑगस्टमध्ये आतून काढला. टिकून राहिलेली जगातली सर्वांत जुनी निगेटिव्ह ती हीच, पोस्टाच्या तिकिटाएवढी. सोबत त्याने लिहून ठेवलंय, की नवी होती तेव्हा भिंगातून तिच्यातल्या दोनशेच्या आसपास काचा मोजता येत होत्या.

म्हणजे मोजल्या असणार! मला एकदम तो गृहस्थ घरातलाच वाटला.

माझी मोजणी एकशे चाळीसच्या पुढे चुकली. पुन्हा सुरू केली, पुन्हा चुकली.

आजोळचं घर पाडून आता तिथे चार मजली इमारत आहे. त्या भिंतीचा फोटो कुणाकडेच नाही. रात्री भावाला फोन करून विचारलं, माजघराच्या खिडकीला गज किती होते रे?

म्हणाला, नऊ.