डिप्लोमा मिळाला, बीजगणित राहिलं

मी अमेरिकेत हायस्कूलला गणित शिकवते म्हटलं की हमखास विचारतात, "तिकडे हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचा टक्का एवढा वाढलाय, मग तुम्हाला आनंद कसा होत नाही?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

टक्का वाढला हे खरं आहे. २०१०-११ मध्ये ७९ होता, २०१८-१९ मध्ये ८६ झाला. पण तिथे 'नेप' नावाची देशपातळीवरची नमुना चाचणी होते. तिच्यावरून कुठल्याही शाळेला जाब विचारला जात नाही, म्हणून मी तिच्यावर जास्त विश्वास ठेवते. तिच्यात २०१३ साली बारावीची २६ टक्के मुलं गणितात 'प्रवीण' ठरली होती. २०१९ मध्ये २४.

हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांच्या टक्क्यावरून मात्र जाब विचारला जातो. २०१५च्या कायद्याप्रमाणे एक तृतीयांश मुलं डिप्लोम्याविना, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याच्या दाखल्याविना राहिली, तर शाळेचं नाव सुधारणेच्या यादीत जातं. मग पळवाटा निघतात. वॉशिंग्टन शहरात २०१७च्या डिप्लोम्यांची तपासणी झाली, तेव्हा साधारण तिघांतल्या एकाला गैरहजेरीचे किंवा राहिलेले विषय भरून काढण्याचे नियम डावलून डिप्लोमा मिळाल्याचं उघड झालं.

माझ्याच एका विद्यार्थ्याचं नववीचं बीजगणित राहिलं होतं. शेवटच्या वर्षी, मे महिन्यात, त्याला 'क्रेडिट रिकव्हरी'साठी, म्हणजे राहिलेला विषय भरून काढायला, संगणकासमोर बसवलं. अख्ख्या सत्राचा विषय त्याने चार दुपारांत उरकला. उत्तर चुकलं की तोच प्रश्न पुन्हा यायचा. त्याने वहीच्या कोपऱ्यात नुसती अक्षरं लिहून ठेवली होती: ब, अ, ड, ड. तो लबाड नव्हता हो, रात्री काम करून सकाळी यायचा, कधी यायचाच नाही. त्याला गरज होती माझ्यासमोर बसून सावकाश शिकण्याची, आणि तेवढा वेळ आम्ही त्याला दिला नाही. मी रेषेचा उतार काढायला सांगितला, तर म्हणाला, "मिस, हे आलं होतं का त्यात?"

समारंभात त्याच्या आईने मला घट्ट मिठी मारली. घरात डिप्लोमा मिळवणारा तो पहिलाच. त्या आनंदाला मी कशी नावं ठेवू?

पुढे कॉलेजने चाचणी घेऊन त्याला बीजगणिताच्याही आधीच्या वर्गात बसवलं. त्या वर्गाची फी भरावी लागते, पण पदवीसाठी तो धरत नाहीत. दोन महिन्यांनी त्याने कॉलेज सोडलं. आमच्या शाळेच्या टक्क्यात तो आजही उत्तीर्ण आहे.