“हे काय वाळत घातलंय?” : लांबच्या ट्रेकवर कॅमेरा चालू ठेवण्याचा माझा अनुभव

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आम्ही चार वाजल्यापासून जागा धरून बसलो होतो. सूर्य खाली उतरायला लागला, मी कॅमेरा चालू केला, दोन फोटो काढले आणि पडदा काळा झाला. दुसरी बॅटरी घालायला झाकण उघडलं, तर आतली बॅटरी बाहेरच येईना. फुगली होती. नखांनी ओढून पाहिलं, कॅमेरा तळहातावर आपटून पाहिला. शेवटी कुणीतरी प्रथमोपचाराच्या पिशवीतली चिकटपट्टी दिली. ती बॅटरीच्या बुडाला चिकटवून ओढली, तेव्हा एकदाची निघाली. तोवर सूर्य गेला होता आणि मंडळी गुहेकडे परतायला लागली होती.

ती बॅटरी नकली होती, म्हणजे दुसऱ्याच कुणीतरी बनवलेली, निम्म्याहून कमी किमतीची. माझा कॅमेरा सोनीचा ए ६०००. त्याच्या मूळ बॅटरीवर १०२० एमएएच (बॅटरीत किती वीज मावते त्याचा आकडा) लिहिलेलं असतं, हिच्यावर १५०० होतं. त्याच मापाच्या डबीत दीडपट वीज कुठून मावणार, हा प्रश्न मला घेताना पडला नाही. स्वस्त दिसलं की आपले प्रश्न संपतात.

एरवी हे हसण्यावारी नेलं असतं. पण पुढच्या नोव्हेंबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक ठरला होता. चालायला सुरुवात होते त्या लुक्लापासून परत लुक्लापर्यंत बारा दिवस. गडावर एक सूर्यास्त हुकला तर पुढच्या महिन्यात परत जाता येतं, तिथे पुन्हा कधी जाणार होते मी? म्हणून वहीत हिशोब मांडायला बसले.

पहिलाच हिशोब चुकला. घरात २०,००० एमएएचची पॉवर बँक होती. भागिले १०२०, म्हणजे बॅटरी एकोणीस वेळा भरणार! मी निर्धास्त. हे कौतुकाने भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, “ताई, तू लिटर आणि किलो एकमेकांत भागते आहेस.” त्याचं म्हणणं बरोबर होतं. पॉवर बँकेवरचा आकडा ३.७ व्होल्टचा असतो, कॅमेऱ्याची बॅटरी ७.२ व्होल्टची. तुलना करायची तर वॉट-अवरमध्ये, म्हणजे व्होल्टही हिशोबात धरून, करावी लागते. पॉवर बँक ७४ वॉट-अवर, कॅमेऱ्याची बॅटरी सुमारे ७.३. म्हणजे एकोणीसचे लगेच दहा झाले. त्यात पॉवर बँक आतला दाब वाढवून ५ व्होल्टवर आणते, चार्जर तो आणखी वाढवतो, आणि दोन्ही ठिकाणी काही वीज गरम होण्यात जाते. घरी प्रत्यक्ष भरून पाहिलं. पाच बॅटऱ्या पूर्ण भरल्या, सहावी अर्ध्यावर राहिली. एकोणीसवरून साडेपाच! तेव्हापासून बॅटरी असो की पॉवर बँक, मी आधी बारीक अक्षरांतला वॉट-अवरचा आकडा शोधते. विमानतळावरही तोच लागतो. पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या, चेक-इनच्या सामानात अजिबात नाही, आणि १०० वॉट-अवरच्या आतली असेल तर वेगळी परवानगी लागत नाही. आकडा पुसट झालेली पॉवर बँक घेऊन गेलात तर तिथल्या माणसाशी वाद घालत बसावं लागेल.

मग डोक्यात सोलर पॅनेल शिरलं. सॅकच्या पाठीवर पॅनेल लटकवून चालणाऱ्या गोऱ्या ट्रेकर्सचे फोटो पाहिले होते, फार रुबाबदार दिसतं ते. १४ वॉटचं, घडी होणारं एक घेतलं आणि फेब्रुवारीत रतनगड ते हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा रेंज ट्रेक खास चाचणीसाठी केला. रतनवाडीहून अमृतेश्वराचं दर्शन घेऊन वर चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पॅनेल पाठीवर, वायर सॅकच्या खिशातल्या पॉवर बँकेत. संध्याकाळी पाहिलं तर पॉवर बँकेच्या चार दिव्यांतला एकसुद्धा वाढला नव्हता.

कारण नंतर कळलं, आणि कळल्यावर स्वतःचंच हसू आलं. रतनगड उत्तरेला, हरिश्चंद्रगड दक्षिणेला. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला. दिवसभर ऊन माझ्या तोंडावर होतं आणि पॅनेल माझ्याच सावलीत! त्यात कात्राबाईच्या खिंडीच्या आसपास दाट झाडी, तिथे तर उन्हाचे कवडसेच. शिवाय ढग किंवा फांदी आडवी आली की वीज तुटते आणि काही पॉवर बँका पुन्हा आपोआप भरायला लागत नाहीत. बटण दाबावं लागतं. माझी त्यातलीच.

तिसऱ्या दिवशी पाचनईत जेवायला थांबलो. जिथे जेवलो त्या घराच्या अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी मी पॅनेल पसरलं आणि पॉवर बँक त्याच्याखाली सावलीत सरकवली, कारण उन्हात तापलेली बॅटरी भरणं तिच्या जिवावर येतं. मावशी भाकरी थापता थापता बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “हे काय वाळत घातलंय?” मी सांगितलं. त्यांनी मिरच्यांवर हात फिरवला, मग आभाळाकडे पाहिलं आणि माझं पॅनेल उचलून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलं. “इथे आता सावली येईल भिंतीची,” म्हणाल्या. दोन तासांत एक दिवा पूर्ण भरला. आदल्या अख्ख्या दिवसात जे झालं नव्हतं, ते मिरच्यांच्या शेजारी पडून राहिल्याने झालं.

म्हणजे पॅनेल खोटं नव्हतं. ते एका जागी, सूर्याकडे तोंड करून पसरायची गोष्ट आहे. बेस कॅम्पच्या वाटेवर आपण उत्तरेकडे चढत जातो, तेव्हा ऊन पाठीवर येतं, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण दुपारी मुक्कामी पोचेपर्यंत तिथे बहुतेक वेळा ढग चढलेले असतात असं जाऊन आलेले सगळेच सांगत होते. शेवटी काटा लावला. पॅनेल ४०० ग्रॅम, मूळ बॅटरी साधारण ५७. एका पॅनेलच्या वजनात सात बॅटऱ्या. पॅनेल माळ्यावर गेलं. दोन आठवडे तंबूत राहणाऱ्याचं गणित कदाचित उलटं येईल. आमच्या वाटेवर रोज रात्री डोक्यावर छप्पर होतं.

सात बॅटऱ्या मात्र मी घेतल्या नाहीत, चारच घेतल्या. त्याचं कारण म्हणजे मधल्या काळात कॅमेऱ्याच्या उधळपट्टीचा शोध लागला होता.

आमच्या ग्रुपमधले जुने डीएसएलआरवाले सांगायचे, “मागचा पडदा बंद कर, व्ह्यूफाइंडरमधून बघ, बॅटरी दुप्पट चालते.” त्यांचं खरं आहे, कारण त्यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून बघायच्या भोकात, आरसा असतो आणि आरशाला वीज लागत नाही. माझ्या मिररलेसमध्ये त्या भोकात आणखी एक छोटा पडदाच आहे. कंपनीचेच आकडे पाहिले तर पडद्यावर बघून ३६० फोटो, व्ह्यूफाइंडरमधून ३१०. मी वर्षभर काटकसर म्हणून उलटाच खर्च करत होते.

त्याहून मोठी गळती वेगळीच निघाली. व्ह्यूफाइंडरशेजारी एक सेन्सर असतो, डोळा जवळ आला की तो पडदा बदलतो. कॅमेरा गळ्यात लटकवून चाललं की तो पोटाला टेकतो आणि सेन्सरला वाटतं, बाई बघते आहे. कॅमेरा झोपतच नाही. मी घाटात धापा टाकत होते आणि कॅमेरा माझं जॅकेट न्याहाळत होता! मग सवय लावून घेतली, फोटो झाला की स्विच बंद. पुन्हा चालू व्हायला जेमतेम दोन सेकंद जातात, आणि त्या दोन सेकंदांत हिमालय कुठे पळून जात नाही. पक्षी टिपणाऱ्यांना हे परवडणार नाही. बाकी विमान मोड, फोटो काढल्यावर तो आपोआप दाखवणं बंद, बटण दाबण्याआधीच फोकस शोधत बसण्याची सोय बंद. आणि रात्री दिवसभराचे फोटो चाळून नकोसे पुसण्याचा माझा लाडका उद्योगही बंद. त्यापेक्षा जास्तीचं कार्ड नेलं. एवढ्यावर सह्याद्रीत एका बॅटरीत साडेचारशेपर्यंत फोटो निघायला लागले.

ऐन मोसमात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापहून सुटतात, म्हणून मध्यरात्री जीपने निघालो. हाडं खिळखिळी झाली, पण त्याबद्दल नको.

नामचेपर्यंत चार्जिंगचा प्रश्नच आला नाही. ३,४४० मीटरवरचं ते गाव थामेकडच्या जलविद्युत केंद्राच्या विजेवर चालतं आणि आमच्या खोलीत भिंतीत बोर्ड होता. आपल्याकडचा प्लग बसतो. हवेची सवय व्हावी म्हणून तिथे दोन रात्री राहायचंच होतं, त्या दोन रात्रींत सगळं काठोकाठ भरून घेतलं. दोन खणांचा यूएसबी चार्जर नेला होता, तो फार कामाला आला. कॅमेऱ्यातच वायर लावून भरायचं तर एका बॅटरीला पाचएक तास लागतात आणि तेवढा वेळ कॅमेरा अडकून पडतो. भरलेल्या बॅटरीला रबर बँड आणि रिकामी ती बिनबँडची, ही माझी खूण. अंधारात हातमोज्यांतूनही कळते. प्रत्येक बॅटरी आपापल्या प्लास्टिकच्या डबीत, कारण खिशातल्या नाण्याने दोन टोकं जोडली गेली तर काय होतं ते पाहण्याची मला हौस नाही.

डिंगबोचेपासून चित्र बदललं. खोलीत फक्त दिवा, बोर्ड नाही. चार्जिंग जेवणघरात, काउंटरमागे, पैसे देऊन. वीज छपरावरच्या सोलर पॅनेलची, त्यामुळे आभाळ भरलं की लॉजवाली दीदी हात वर करणार. एका फळीवर वीस-पंचवीस फोन आणि पॉवर बँका ओळीने, प्रत्येकावर चिकटपट्टीवर नाव. लोबुचेला पॉवर बँक पूर्ण भरायचे १००० नेपाळी रुपये सांगितले, म्हणजे आपले सव्वासहाशे. बरोबरचे काही जण कुरकुरले. पण जिथे भाताचा प्रत्येक दाणा याकच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून येतो, तिथे वीज स्वस्त कशी मिळेल? मी भरली नाही, कारण गरजच नव्हती. पॉवर बँकेचे तीन दिवे शिल्लक होते. फोन दिवसभर विमान मोडवर असायचा, हे सांगायचं राहिलं. कॅमेऱ्याच्या तोंडचा घास बहुतेकदा फोनच पळवतो.

आता थंडी. गोरक्षेपला रात्री खोलीतल्या बाटलीतलं पाणी गोठलं होतं. थंडीत बॅटरी रिकामी होत नाही, ती गारठते. आतल्या रासायनिक क्रिया मंदावतात, दाब पडतो आणि कॅमेरा समजतो की संपली. म्हणून चारही बॅटऱ्या आणि पॉवर बँक रोज स्लीपिंग बॅगमध्ये, एका मोज्यात घालून पायाशी. कॅमेरा मात्र बिनबॅटरीचा बाहेर सॅकमध्ये. त्याला थंडीचं काही वाटत नाही, उलट गार कॅमेरा शेकोटीशेजारी आणला तर भिंगावर आणि आत दव धरतं. आणखी एक, गारठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. शून्याखाली भरली तर ती कायमची बिघडते. आधी अंगावर ऊब द्यायची, मग वायर.

एव्हरेस्ट बघायला गोरक्षेपजवळच्या काला पत्थर या टेकडीवर बहुतेक लोक पहाटे जातात. आमच्या गाइड दाईने (नेपाळीत दाई म्हणजे दादा) संध्याकाळी नेलं. पहाटे सूर्य एव्हरेस्टच्या मागून वर येतो, त्यामुळे शिखर काळंच दिसतं. संध्याकाळचं ऊन मात्र सरळ त्याच्या तोंडावर पडतं. वर वारा असा की हातमोजा काढला की बोटं सुन्न. चौदा-पंधरा फोटो झाले, शिखराचा रंग पिवळ्यावरून नारिंगी व्हायला लागला आणि ३८ टक्के दाखवणारा कॅमेरा खटकन बंद. क्षणभर कोकणकडाच आठवला. पण या वेळी बॅटरी निमूट बाहेर आली. जॅकेटच्या आतल्या खिशातली, अंगाच्या उबेतली दुसरी घातली, पहिली काखेत दाबली आणि फोटो काढत राहिले. वीसेक मिनिटांनी दुसरीही मान टाकायला लागली. काखेतली परत घातली तर ३१ टक्के! अशा त्या दोघी आलटून पालटून, शिखराचा शेवटचा गुलाबी ठिपका विझेपर्यंत चालल्या. उतरताना दाई म्हणाला की, बॅटरीला काखेत घेऊन फिरणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं.

एक गोष्ट जमली नाही. गोरक्षेपला रात्री ताऱ्यांचे फोटो काढायचे होते. मिनिट-मिनिटभर झडप उघडी ठेवायची, तेही उणे दहाच्या आसपास. पाच फोटोंत बॅटरी बसली आणि सहाव्याच्या आधी मी. व्हिडिओ तर पहिल्या दिवसापासूनच सोडला होता, त्याची आता थोडी चुटपुट वाटते. लोबुचेच्या वाटेवर याकांच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज फोटोत येत नाही.

लुक्लाला परत आले तेव्हा पॉवर बँकेचा एक दिवा जळत होता, दोन बॅटऱ्यांना रबर बँड होते आणि कार्डावर सतराशेच्या वर फोटो. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान होतं. ते ढगांमुळे रद्द झालं, त्याच्या पुढच्या दिवशीचंही. खोलीत पलंगाशेजारी बोर्ड होता, वीज चोवीस तास आणि फुकट. दोन दिवसांत मी चारही बॅटऱ्या शंभर टक्के भरल्या, पॉवर बँक भरली, हेडटॉर्चसुद्धा भरला. खिडकीबाहेर पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं. मग स्वयंपाकघरात जाऊन बटाटे सोलणाऱ्या दीदीचे साठ-सत्तर फोटो काढले, व्ह्यूफाइंडरमधून, एकदाही स्विच बंद न करता.