आधी मीडियमची साखर मोजा

रक्तातली साखर ३१५ असलेल्या माणसाला कुणी ‘नॉर्मल’ म्हणणार नाही. आतड्याच्या ऑर्गनॉइडवर, म्हणजे मूळपेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या आतड्याच्या चिमुकल्या प्रतिकृतीवर, मधुमेहाचा अभ्यास करताना मात्र सर्रास तसंच चालतं. पेशी वाढवायला ॲडव्हान्स्ड डीएमईएम/एफ१२ नावाचं जे मीडियम (पोषक द्रव) वापरतात, त्यात ग्लुकोज साधारण १७.५ मिलिमोलर असतं. १८ने गुणा, डेसिलिटरला ३१५ मिलिग्रॅम. शिवाय लिटरमागे १० मिलिग्रॅम इन्सुलिन, म्हणजे उपाशीपोटी रक्तात असतं त्याच्या हजारो पट. बी२७ या पूरक मिश्रणातून येतं ते वेगळंच. असा ‘कंट्रोल’ ठेवला, तर जादा साखरेचा परिणाम दिसला नाही यात नवल काय?

पण म्हणून वाढीच्या काळातच साखर तोडू नका. मूळपेशींची वाढ मंदावते. नेहमीच्या मीडियममध्ये वाढवा आणि विभेदनाच्या टप्प्यावर (मूळपेशी आतड्याच्या प्रौढ पेशी बनतात तेव्हा), डब्ल्यूएनटी आणि निकोटिनामाइड हे मूळपेशी टिकवणारे घटक काढता तेव्हाच, ग्लुकोजविरहित डीएमईएम/एफ१२वर आणून त्यात ग्लुकोज ५.५ मिलिमोलर करा. बी२७ बिनइन्सुलिनचं घ्या. मीडियम रोज बदला, कारण आता साखर लवकर संपते. जादा साखरेच्या गटाला २५ मिलिमोलर द्यायचं असेल, तर कंट्रोलमध्ये ५.५ ग्लुकोजसोबत १९.५ मॅनिटॉल (पेशी सहसा वापरत नाहीत अशी साखरेसारखी अल्कोहोल) हवंच. नाहीतर दिसलेला फरक साखरेचा की नुसत्या ऑस्मोटिक दाबाचा, हे कळणार नाही.

दुसरी गफलत दिशेची. मॅट्रिजेल या आधार देणाऱ्या जेलच्या थेंबातल्या ऑर्गनॉइडची पोकळी आत असते. बाहेरच्या मीडियममध्ये टाकलेलं ग्लुकोज पेशीला रक्ताच्या बाजूने भेटतं, जेवणाच्या बाजूने नाही. शोषण मोजायचं तर ऑर्गनॉइड सुटे करून ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या इन्सर्टवर (वेलमध्ये बसणाऱ्या, सच्छिद्र तळाच्या कपावर) एकपदरी थर वाढवा. पेशी सुट्या केल्यावर पहिले दोन दिवस वाय-२७६३२ (सुट्या पेशींना मरण्यापासून वाचवणारा अवरोधक), १० मायक्रोमोलर. ते विसरलात तर बऱ्याच पेशी तिथेच मरतात. थराचा विद्युतरोध, म्हणजे तो किती घट्ट जुळला याचं माप, घ्या; त्यातून रिकाम्या इन्सर्टचा वजा करून उरलेला आकडा स्थिरावला, की मगच प्रयोग.

आता थोडं गणित. इन्सर्टमध्ये थराच्या वर २० मिलिमोलर ग्लुकोज, २०० मायक्रोलिटर; थराखाली ६०० मायक्रोलिटर. दहा टक्के साखर पार झाली तरी खालचं प्रमाण जेमतेम ०.६७ मिलिमोलरने वाढतं. खाली आधीच ५.५ असेल, तर ही वाढ मोजमापाच्या चुकीत बुडून जाते. मोजणीच्या तासाभरापुरतं खाली ग्लुकोज ठेवू नका किंवा वरच्या ग्लुकोजला कार्बन-१३चं लेबल वापरा. एका इन्सर्टमध्ये वरून फ्लोरिझिन घाला. त्याने एसजीएलटी१ची, म्हणजे जेवणाच्या बाजूने ग्लुकोज आत घेणाऱ्या वाहक प्रथिनाची, वाट बंद होते, तरीही जे ग्लुकोज खाली आलं ते बहुतेक पेशींच्या फटींतून गळलेलं. बाजारात मिळणारं चमकणारं २-एनबीडीजी (ग्लुकोजसारखा रेणू) इथे नको, एसजीएलटी१ त्याला फारसं उचलत नाही. अल्फा-मिथाइल-ग्लुकोसाइड हा ग्लुकोजचाच एक भाऊबंद घ्या, ते एसजीएलटी१मधून आत येतं आणि पेशीला पचवता येत नाही, त्यामुळे आत साठलेलं मोजता येतं.

जीएलपी-१, म्हणजे जेवणानंतर इन्सुलिन वाढवणारं आतड्याचं हार्मोन, मोजणाऱ्यांची कसोटी याहून अवघड. ते स्रवणाऱ्या एल पेशी एकूण पेशींच्या एक टक्क्याहूनही कमी, आणि शेजारच्याच पेशींच्या पृष्ठभागावर ते तोडणारं डीपीपी-४ हे विकर. बफरमध्ये सिटाग्लिप्टिनसारखा अवरोधक आधीच घाला. आकडा शून्य आला, तर ग्लुकोजला दोष देण्याआधी एका वेलमध्ये १० मायक्रोमोलर फोर्स्कोलिन (एल पेशींना जोरदार स्रवायला लावणारं रसायन) टाकून पाहा. त्यालाही प्रतिसाद नसेल, तर थरात एल पेशी जवळपास नाहीतच. मग विभेदनाकडे परत जा; डीएपीटी या अवरोधकाने नॉच संकेत (पेशींची दिशा ठरवणारा) काही काळ रोखला, की त्यांची संख्या वाढते.