चोरी कधी बरोबर असते का? चौथीच्या पोरांना विचारून पहा

आमच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीच्या पोरांना "चोरी करावी का?" असं विचारलं की अख्खा वर्ग पाढे म्हटल्यासारखा एका सुरात "नाईऽऽ" म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. त्यात कोणी विचार केलेला नसतो, मॅडमला काय ऐकायचंय ते सगळ्यांना माहीत असतं, बस. म्हणून शाळेतल्या 'आनंददायी शनिवार' उपक्रमात मी तो प्रश्नच विचारत नाही, तुरीच्या शेंगांची गोष्ट सांगते.

एक पोरगा लहान भावाला घेऊन शाळेतून घरी निघालाय, सकाळपासून पोटात काही नाही, मायबाप कापूस वेचायला गेलेले, वाटेत दुसऱ्याचं वावर, तूर शेंगांनी लदलेली. त्यानं खिसाभर शेंगा तोडल्या आणि दोघांनी खाल्ल्या. चोरी झाली का?

इथं वर्ग फुटतो आणि मला तेच हवं असतं. "भूक लागली होती न त्याले, खाल्ल्या त काय झालं?" "इचारून घ्या लागत होतं." एकानं तर गावातला जुना नियमच सांगितला, धुऱ्यावर (बांधावर) बसून खाल्लं त चोरी नाई, थैलीत भरून घरी नेलं त चोरी. (हे त्याला कोणी शिकवलेलं नाही, घरी ऐकून ऐकून आलंय.) मग कोणीतरी सरव्याचा विषय काढतं, की पीक निघाल्यावर वावरात पडलेलं वेचलं तर मालक काही म्हणत नाही, म्हणजे तीच शेंग आठ दिवस आधी चोरी आणि आठ दिवसांनी सरवा. चौथीची पोरं इथपर्यंत स्वतःहून येतात, मी फक्त "कावून?" (का म्हणून?) एवढंच विचारत राहते.

आणि मग मी म्हणते, आता समजा ते वावर तुझ्या बाबाचं आहे. ज्यानं सगळ्यात जोरात "खाल्ल्या त काय झालं" म्हटलं होतं तो गप्प होतो आणि मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणते, "मॅडम, आमचं वावर ठोक्यानं हाये. रोज कोणी ना कोणी खिसा भरला त माहा बाप ठोका कुठून देईन?" (ठोका म्हणजे दुसऱ्याचं वावर कसायला घेतल्याचे ठरलेले पैसे.) ज्याचं गेलं तो माणूस गोष्टीत आणल्याशिवाय हा विषय घ्यायलाच नको असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर भुकेल्या पोराची नुसती कीव येते आणि मालक म्हणजे कोणीतरी जाडा सावकार असं पोरं धरून चालतात, आणि आपल्याकडे मालक बहुतेकदा दोन-तीन एकरवाला कर्जात बुडालेला बापच असतो.

लहान भावाच्या पापाचा प्रश्न पण निघतो बरं का. त्यानं तोडल्या नाहीत, फक्त खाल्ल्या. वाल्या कोळ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ, मग त्यावरून जे भांडण लागतं ते मधली सुट्टी झाली तरी मिटत नाही.

लॉरेन्स कोहलबर्ग नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मुलांना एक गोष्ट विचारली होती, ती पण मी घेते. हाइन्झची बायको कॅन्सरनं मरायला टेकलीय, औषधवाला बनवायच्या खर्चाच्या दहापट किंमत मागतो, नवऱ्याजवळ अर्धेच पैसे जमलेत, उधार मिळत नाही, तर त्यानं औषध चोरावं का? कोहलबर्गला हो-नाहीपेक्षा मुलं कारण काय देतात यात रस होता आणि शिक्षकानं नेमकं तेच धरावं. माझी पोरं आधी वाटा शोधतात, गावातून वर्गणी करू, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेऊ, आमदाराला भेटू. त्यांना "गोष्टीत तसं नाही" म्हणून लगेच तोडू नका, चोरीच्या आधी काय काय करून पाहता येतं हे तेच तर शोधतायत. सगळं सांगून झालं की मग एकेक वाट बंद करायची. शेवटी एक पोरगी म्हणाली, "न्यावं लागलं त न्यावं, पण मंग जाऊन सांगून द्यावं आन पैसे फेडावे." म्हणजे तिच्या लेखी ती चोरीच आहे, फक्त करावी लागलेली, आणि पैसे फिटेपर्यंत ती संपत नाही. मी यात काहीच भर घातली नाही.

मोठ्या वर्गाला मी आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातली गोष्ट सांगते. जुलै १९३० मध्ये स्वातंत्र्यसैनिक लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रहात पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापलं, मुद्दाम, सगळ्यांच्या देखत, आणि इंग्रज सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. गवत कोणाचं? गावाच्या ढोरांचं की सरकारचं? लपून नेलं नाही, पळून गेले नाहीत, शिक्षा भोगली, मग ही चोरी म्हणायची का? पाचवीतली पोरं यावर तासभर बोलतात.

आता एक गोष्ट मात्र आधी ठरवून घ्यायची, कोणाचं नाव नाही आणि वर्गात खरी घडलेली चोरी तर अजिबात नाही. आमच्या वर्गात पारधी बेड्यावरची (वस्तीवरची) लेकरं आहेत. पेन हरवला की नजरा कुठं वळतात ते मी पाहते आणि मला ते सहन होत नाही. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला, अख्ख्या जमाती जन्मानंच चोर ठरवल्या, आणि तो शिक्का कागदावरून ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला तरी लोकांच्या तोंडून अजून गेलेला नाही. म्हणून "कोण चोर असतं" हा प्रश्न मी वर्गात येऊच देत नाही, "काय घडलं, कोणाचं गेलं, दुसरं काय करता आलं असतं" एवढंच. आणि पेन हरवला तर एकाचंही दप्तर उघडायचं नाही, हा नियम माझ्यासकट सगळ्यांना.

तुमच्याकडे तूर नसेल तर तुमच्या गावचं घ्या. वरुड-मोर्शीकडं संत्र्याचा बगीचा चालेल. भंडारा-गोंदियाकडच्या शिक्षकांनी मामा तलाव (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या वेळचा तलाव) घ्यावा, तलाव गावाचा, मासळीचा ठेका संस्थेकडं, आणि एक पोरगं गळ टाकून घरच्या जेवणापुरते दोन मासे काढतं. त्यावर तुमची पोरं काय म्हणतात ते मला खरंच ऐकायचंय.