पेन्सिलीच्या जाडीची फट

सिंकखालच्या कपाटात अंथरलेला कागद बदलायला काढला, तेव्हा त्याखाली तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकाला निमुळत्या होत गेलेल्या काळ्या लेंड्या पसरलेल्या दिसल्या. दोन आठवडे रात्री ऐकू येणारी खुडबुड वाऱ्याने हलणाऱ्या खिडकीची आहे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. ती समजूत तिथेच संपली.

लेंड्यांच्या आकारावरून घरात कोण शिरले आहे, हे बरेचसे कळते. त्या ३ ते ६ मिलिमीटर लांबीच्या असतील तर लहान घरउंदीर आणि सेंटीमीटरच्या पुढे असतील तर मोठा उंदीर किंवा घूस. चिचुंद्रीलाही आपण याच टोळीत धरतो. पण ती कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळातलीच नाही, ती मुख्यतः किडे खाते आणि उंदरांच्या गुन्ह्यांत विनाकारण गोवली जाते.

मी लगेच झाडू उचलला होता, आणि नेमके तेच करायचे नसते. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात आणि वाळलेल्या विष्ठेची धूळ उडाली तर काही प्रजातींकडून हंताविषाणूही श्वासावाटे शरीरात जाऊ शकतो. म्हणून हातमोजे घालून, एक भाग ब्लीचमध्ये नऊ भाग पाणी मिसळून ते लेंड्यांवर शिंपडावे, पाच मिनिटे भिजू द्यावे आणि मग सगळे कागदाने टिपून पिशवीत बांधून टाकावे.

त्यानंतर मी विषाच्या वड्या आणल्या, ही माझी सर्वांत मोठी चूक. या वड्यांमध्ये बहुधा रक्त गोठू न देणारे औषध असते. वॉरफरिन हे त्यातले जुने औषध १९४८ मध्ये उंदरांसाठीच बाजारात आले आणि पुढे तेच माणसांच्या रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून वापरले जाऊ लागले. अशा विषाने उंदीर मरायला काही दिवस लागतात आणि त्या काळात तो कुठेही जाऊन पडतो. माझ्याकडचा एक भिंतीतल्या कपाटामागे, हात पोहोचणार नाही अशा जागी मेला आणि त्या वासाने आम्हाला आठवडाभर ती खोली सोडावी लागली. शिवाय विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर तेही धोक्यात येतात. चिकट पाट्या मी आणल्याच नाहीत, कारण तासन्‌तास तडफडणारा जीव सकाळी उचलण्याचे धाडस माझ्यात नाही.

मग स्प्रिंगचे सापळे लावले. उंदीर मोकळ्या जमिनीवरून जाण्याचे टाळतो. तो मिशा भिंतीला घासत कडेकडेने चालतो, त्यामुळे सापळा भिंतीशी काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे ठेवून लावावा लागतो. आमिष अगदी थोडे असावे, नाहीतर ते अलगद पळवले जाते. घरट्यासाठी मऊ वस्तू शोधणारी मादी तर कापसाच्या बोळ्यालाही फसते. आठ रात्रींत सहा उंदीर सापडले. मला वाटले, संपले; पण नवव्या रात्री पुन्हा खुडबुड सुरू झाली. घरउंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत पाच-सहा पिल्ले देते आणि ती पिल्ले सहा आठवड्यांच्या सुमारास स्वतः प्रजननक्षम होतात. त्यात बाहेरून येण्याची वाट उघडी असेल तर सापळ्यांच्या भरवशावर ही शर्यत जिंकता येत नाही.

ती वाट शोधण्यासाठी मी झोपण्यापूर्वी भिंतीच्या कडेने टाल्कम पावडरचा पातळ थर पसरला. सकाळी त्यावर बारीक पावलांची नक्षी होती आणि पावलांच्या मध्ये शेपटीची केसासारखी रेघ होती. ती रेघ थेट सांडपाण्याच्या पाइपापर्यंत गेली होती. तिथली गोल झाकणी किंचित खाली सरकलेली होती. फटीत पेन्सिल घालून पाहिली, तर ती आरपार गेली. घरउंदराला तेवढी जागा पुरते, कारण डोके शिरले की बाकीचे लवचीक शरीर मागोमाग निघते.

फट बुजवायला आधी फुगणारा फोम वापरला. दुसऱ्याच रात्री त्याचा पिवळसर भुगा खाली पडला होता. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात. त्यांच्या पुढच्या बाजूला कठीण आवरण असते, मागची मऊ बाजू झिजत राहते आणि त्यामुळे पटाशीसारखी धार आपोआप टिकते. त्या दातांपुढे फोमचा काय निभाव लागणार! शेवटी भांडी घासायच्या तारेच्या घासण्या फटीत ठासून भरल्या, त्यावर सिमेंट लिंपले आणि आत राहिलेल्यांसाठी दोन सापळे तसेच ठेवले. त्यांत आणखी एक सापडला. त्यानंतरच्या बारा सकाळी पावडर कोरी राहिली.

आता मागच्या दाराखालची फट तेवढी राहिली आहे. तिथे पेन्सिल शिरत नाही, पण एका कोपऱ्यात लाकूड झिजले आहे. म्हणून त्या कडेला रबराऐवजी पत्र्याची पट्टी ठोकून घेणार आहे.