एडिसन ते प्लेनो : मेडिकेअरवरच्या आई-बाबांना घेऊन राज्य बदलताना

रस्ता सरळ आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनहून आय-७८ धरायचा, हॅरिसबर्गच्या अलीकडे आय-८१ ला लागायचं आणि शेनान्डोआ खोऱ्यातून टेनेसीत उतरायचं. पुढे आय-४० वर नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, मेम्फिस, लिटल रॉक आणि शेवटी आय-३० ने डॅलसच्या उत्तरेला प्लेनो. दीड हजार मैलांच्या वर अंतर. वयस्कर माणसं बरोबर असतील तर रोअनोक, नॅशव्हिल आणि लिटल रॉक हे मुक्काम सोयीचे पडतात.

गाडीत सत्तरीपुढचं जोडपं आहे, दोघंही मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यावर. बाबांकडे ओरिजिनल मेडिकेअर, म्हणजे पार्ट ए (हॉस्पिटल) आणि पार्ट बी (डॉक्टर). त्याच्या जोडीला मेडिगॅप (मेडिकेअरने न भरलेला वाटा उचलणारी खासगी पॉलिसी) आणि औषधांसाठी वेगळा पार्ट डी. आई अ‍ॅडव्हान्टेजच्या एचएमओ प्लॅनमध्ये, म्हणजे ओरिजिनलऐवजी खासगी कंपनीचा, ठरावीक डॉक्टर-हॉस्पिटलांच्या नेटवर्कचा प्लॅन; औषधं त्यातच. एकाच घरात असे दोन प्रकार आपल्याकडे बरेचदा दिसतात, आणि राज्य बदलताना दोघांचे नियम निरनिराळे लागतात. घर कधी रिकामं करायचं हे ट्रकवाल्याला विचारण्याआधी मेडिकेअरचं कॅलेंडर पाहा.

निघण्याआधी

मेडिकेअर केंद्र सरकारचं, मग राज्य बदललं म्हणून काय बिघडणार, असं बहुतेकांना वाटतं. पार्ट ए आणि पार्ट बी यांच्यापुरतं ते खरं आहे. मेडिकेअर घेणारा कोणताही डॉक्टर, कोणतंही हॉस्पिटल, पन्नासही राज्यांत चालतं. कार्ड तेच राहतं, नंबर तोच राहतो. कार्डावर पत्ता नसतोच. पण अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन काउंटीनुसार विकले जातात आणि पार्ट डी चे प्लॅन प्रदेशानुसार. देशात पार्ट डी चे ३४ प्रदेश आहेत. न्यू जर्सी हा स्वतंत्र प्रदेश, टेक्सासही स्वतंत्र. त्यामुळे आईचा प्लॅन तर जातोच, पण बाबांचा पार्ट डी सुद्धा जातो. ‘आमचं ओरिजिनल आहे, आम्हाला काही करायचं नाही’ म्हणणारे नेमके इथे अडकतात. फिलाडेल्फियाहून वेस्ट व्हर्जिनियात जाणाऱ्याचा पार्ट डी मात्र टिकतो, कारण पेनसिल्व्हेनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया मिळून एकच प्रदेश आहे.

आता तारखा. घर २७ जूनला बदलतंय असं धरू. जुन्या प्लॅनला आधी कळवलं, तर नवा प्लॅन निवडण्याची खास मुदत घर बदलण्याच्या आदल्या महिन्यात सुरू होते आणि घर बदलल्यानंतर पूर्ण दोन महिने चालते. म्हणजे १ मे ते ३१ ऑगस्ट. घर बदलल्यानंतर कळवलं, तर ज्या महिन्यात कळवलं तो महिना आणि पुढचे पूर्ण दोन महिने. उशिरा कळवल्याने मुदत मिळते, पण मधल्या काळातली नेहमीची तपासणी, रक्ताचे रिपोर्ट, फिजिओथेरपी यांची बिलं एचएमओ नाकारतो आणि ती खिशातून जातात.

नवं कव्हरेज साधारणपणे अर्ज प्लॅनकडे पोचल्यानंतरच्या महिन्याच्या १ तारखेला लागू होतं आणि घर बदलण्याच्या आधीची तारीख मिळत नाही. म्हणून महिनाअखेरीस पोचणं उत्तम. २८ जूनला पोचलात तर १ जुलैपर्यंत दोनतीन दिवस निभवायचे. ८ जूनला पोचलात तर तीन आठवडे आईकडे फक्त इमर्जन्सी आणि अर्जंट केअर. महिनाअखेरीला ट्रकचं भाडं जास्त असतं हे खरं, पण मधुमेह किंवा हृदयाचं दुखणं असेल तर हा फरक मोजावा.

आईसाठी उघडणारं दार

या प्रवासातला सगळ्यात मोलाचा भाग हा, आणि बहुतेक जण न बघता त्याच्यावरून पुढे जातात.

मेडिगॅप कोणत्याही आजाराची चौकशी न होता घेता येतो तो सहा महिन्यांत: वय ६५ झालेलं आणि पार्ट बी सुरू झालेला, तिथपासून. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी तब्येतीचे प्रश्न विचारते आणि नकार देऊ शकते. न्यू यॉर्क आणि कनेक्टिकट इथे वर्षभर चौकशीशिवाय मिळतो. टेक्सासमध्ये तशी सोय नाही. पण अ‍ॅडव्हान्टेज प्लॅनच्या क्षेत्राबाहेर कायमचं राहायला गेल्यास, ओरिजिनल मेडिकेअरवर परतणाऱ्याला मेडिगॅप विकणं कंपनीला भाग असतं. आजार कोणताही असो. नकार नाही, वाढीव प्रीमियम नाही, जुन्या दुखण्यासाठी थांबायला लावणंही नाही. अर्ज जुनं कव्हरेज संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो आणि संपल्यानंतर ६३ दिवसांच्या आत करावाच लागतो. ३० जूनला कव्हरेज संपलं तर ६३वा दिवस १ सप्टेंबर.

आईने प्लेनोत पोचल्यावर शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून तिथलाच दुसरा अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन घेतला, तर हा हक्क गेला. शून्य प्रीमियमच्या जाहिराती नव्या पत्त्यावर आठवड्याभरात येऊ लागतात, म्हणून निर्णय एडिसनमध्येच व्हावा. आमचं मत स्पष्ट आहे: दीर्घ आजार असेल आणि दरमहा प्रीमियम परवडत असेल तर ही संधी सोडू नये. तब्येत ठणठणीत आणि बजेट तंग असेल तर कॉलिन काउंटीतला नवा अ‍ॅडव्हान्टेज घेण्यात काही चूक नाही. फक्त डॉक्टर आणि हॉस्पिटल नेटवर्कमध्ये आहेत का ते प्लॅनला आणि दवाखान्याला, दोघांनाही विचारावं. कंपनी तीच आणि प्लॅनचं नावही तेच असलं तरी टेक्सासचा प्लॅन वेगळा असतो. नवा अर्ज लागतोच.

कोणते मेडिगॅप मिळतात याला मर्यादा आहे. मेडिगॅपचे प्लॅनही अक्षरांनीच ओळखले जातात; ती अक्षरं पार्ट ए, बी, डी पेक्षा वेगळी. १ जानेवारी २०२० च्या आधी मेडिकेअरला पात्र झालेल्यांना ए, बी, सी, एफ, के, एल. त्यानंतर पात्र झालेल्यांना सी आणि एफ च्या जागी डी आणि जी. लोकप्रिय असलेला प्लॅन एन या यादीत नाही. तो हवा असेल तर तब्येतीचे प्रश्न येणारच.

क्रम असा ठेवा. मे महिन्यात जुन्या प्लॅनला नवा पत्ता आणि घर बदलण्याची तारीख कळवा. क्षेत्राबाहेर गेल्यामुळे कव्हरेज संपत असल्याचं त्यांचं पत्र पाकिटासकट जपा. मेडिगॅपवाले पुरावा म्हणून तेच मागतात. मग टेक्सासमधला पार्ट डी चा स्वतंत्र प्लॅन १ जुलैपासून घ्या. तो लागू झाला की अ‍ॅडव्हान्टेज आपोआप सुटतो. मेडिगॅपच्या अर्जावर सुरुवातीची तारीखही १ जुलैच टाका. एजंटला नुसतं ‘मेडिगॅप हवा’ असं सांगितलं तर तो कधीकधी नेहमीचा, चौकशीवाला फॉर्म भरतो. ‘क्षेत्र सोडल्यामुळे मिळणाऱ्या हमीच्या हक्कावर’ असं स्पष्ट सांगून घ्या.

६३ हा आकडा इथे दोनदा येतो. पार्ट डी शिवाय, किंवा त्याच्या तोडीच्या औषध-विम्याशिवाय, सलग ६३ दिवस किंवा जास्त गेले की दंड बसतो: रिकाम्या प्रत्येक महिन्यामागे राष्ट्रीय आधार-प्रीमियमच्या एक टक्का. २०२५ मध्ये हा आधार ३६.७८ डॉलर होता. रक्कम लहान दिसते, पण पार्ट डी आहे तोवर ती सुटत नाही. आणि ३१ ऑगस्टची मुदत हुकली की पुढची संधी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर, कव्हरेज थेट १ जानेवारीपासून.

बाबांचं काम त्या मानाने थोडं. मेडिगॅप सहसा जसाच्या तसा टेक्सासला येतो, कारण प्रीमियम भरत राहिलात तर कंपनी तो बंद करू शकत नाही. अपवाद ‘मेडिकेअर सिलेक्ट’ प्रकारच्या पॉलिसीचा, कारण त्यात ठरावीक हॉस्पिटलांचं नेटवर्क असतं. कंपनीला नवा पत्ता द्या आणि झिपकोडनुसार प्रीमियम किती बदलेल ते लेखी मागा. टेक्सासमध्ये स्वस्त पॉलिसी दिसली म्हणून जुनी आधी रद्द करू नका. बाबांना तब्येतीचे प्रश्न लागू आहेत. नवी मंजूर होऊन हातात पडू द्या. ती पारखायला ३० दिवस मिळतात, त्या काळात दोन्ही प्रीमियम भरावे लागतात. प्लॅन एन असेल तर आणखी एक गोष्ट: काही डॉक्टर मेडिकेअरच्या मंजूर दरावर १५ टक्क्यांपर्यंत जादा आकारू शकतात आणि प्लॅन एन ते भरत नाही. पेनसिल्व्हेनियात कायद्याने अशी आकारणी बंद आहे, टेक्सासमध्ये नाही. म्हणून दवाखान्याला फोन करताना ‘मेडिकेअर घेता का’ एवढं न विचारता ‘असाइनमेंट (मेडिकेअरचा मंजूर दर हीच पूर्ण फी) स्वीकारता का, आणि नवे मेडिकेअर पेशंट घेता का’ असं विचारा.

रस्त्यात

इथे फारसं काही करायचं नसतं. इमर्जन्सी कोणत्याही राज्यात, कोणत्याही हॉस्पिटलात, आईच्या एचएमओलाही भरावी लागते. क्षेत्राबाहेर असताना अचानक लागलेली अर्जंट केअरही. तोल जाऊन पडणं, छातीत दुखणं असं काही झालं तर रोअनोकच्या ईआरमध्ये नेटवर्कचा विचार करत बसू नये. रक्तदाबाची गोळी संपली म्हणून डॉक्टरकडे जाणं मात्र यात सहसा बसत नाही, म्हणून निघण्यापूर्वी ९० दिवसांची औषधं भरून घ्या. झोपेच्या आणि तीव्र वेदनेच्या औषधांची चिठ्ठी एका राज्यातून दुसऱ्यात सहज हलत नाही. त्यांच्यासाठी टेक्सासच्या डॉक्टरची पहिली भेट लवकरची ठरवा.

इन्सुलिन डिकीत नको, थंड पिशवीत पायाशी. नॉक्सव्हिलच्या पुढे घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा डोसची वेळ कशी सरकवायची ते आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. सीपॅप (झोपेत श्वास चालू ठेवणारं यंत्र) किंवा ऑक्सिजनचं यंत्र ट्रकमध्ये देऊ नका. ते अजून भाड्याच्या काळात असेल (सीपॅपचा काळ १३ महिने, ऑक्सिजनचा ३६) तर जुन्या पुरवठादाराकडून टेक्सासमधला पुरवठादार निघण्यापूर्वी ठरवून घ्या. डॉक्टरची ऑर्डर आणि स्लीप स्टडीचा रिपोर्ट हातातल्या पिशवीत असू द्या.

पोचल्यावर

पोस्टात पत्ता बदलला म्हणजे झालं, असं नाही. मेडिकेअर पत्ता घेतं सोशल सिक्युरिटीकडून. तो ऑनलाइन खात्यातून किंवा १-८००-७७२-१२१३ वर बदलावा. आई-बाबा ग्रीनकार्डवर असतील तर पत्ता बदलल्यापासून १० दिवसांत इमिग्रेशन खात्यालाही एआर-११ फॉर्मने कळवणं बंधनकारक आहे.

मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) असेल तर मात्र कंबर कसावी लागते. ते राज्याचं असतं, बरोबर येत नाही. न्यू जर्सीचं मेडिकेड बंद होतं आणि टेक्सासमध्ये नव्याने अर्ज, नव्याने उत्पन्नाची कागदपत्रं. एडिसनच्या आसपासच्या अ‍ॅडल्ट डे-केअरमध्ये जाणाऱ्या ज्येष्ठांचा खर्च बरेचदा मेडिकेडच उचलतं. तिथला गुजराती-मराठी गोतावळा सुटतो तो वेगळाच. टेक्सासमध्ये घरी मदतनीस देणाऱ्या स्टार-प्लस योजनेसाठी प्रतीक्षा-यादी असते, म्हणून नाव पहिल्याच आठवड्यात घाला. न्यू जर्सीची पाड ही औषध-योजना, जेनेरिकला ५ आणि ब्रँडेडला ७ डॉलरवाली, राज्याच्या हद्दीबाहेर संपते. केंद्राची ‘एक्स्ट्रा हेल्प’ (औषधखर्चासाठीची मदत) त्या मानाने टिकाऊ: राज्य बदलल्याने ती जात नाही. पण ती मेडिकेडच्या आधारावर मिळत असेल आणि टेक्सासमध्ये मेडिकेड नाकारलं गेलं, तर पुढच्या वर्षासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागू शकतो.

वर्षाच्या मध्ये प्लॅन बदलल्याचा खर्चावरचा परिणामही बघून घ्या. पार्ट बी चा डिडक्टिबल (विम्याने भरायला लागण्याआधी आपण भरायची वार्षिक रक्कम) देशभर एकच, जूनच्या आधी भरला असेल तर पुन्हा नाही. पार्ट डी मध्ये औषधांवर झालेला खर्च नव्या प्लॅनकडे वर्ग होतो. पहिल्या महिन्यात फार्मसीने जास्त रक्कम मागितली तर जुन्या प्लॅनचं शेवटचं विवरणपत्र दाखवून दुरुस्त करून घ्या. दुसऱ्या कंपनीचा अ‍ॅडव्हान्टेज घेतल्यास मात्र वार्षिक कमाल खर्चाची मोजणी सहसा शून्यापासून सुरू होते. वर्षाच्या सुरुवातीला ऑपरेशन झालेल्यांना हे महागात पडतं.

घर बदलण्याच्या मधल्या महिन्यांत ‘जरा पुण्याला जाऊन येतो’ असा बेत बऱ्याच घरी निघतो. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त क्षेत्राबाहेर राहिल्यास बहुतेक अ‍ॅडव्हान्टेज प्लॅन नाव काढतात. ओरिजिनल मेडिकेअर भारतात जवळजवळ काहीच देत नाही. मेडिगॅपच्या सी, डी, एफ, जी, एम, एन या प्लॅनमध्ये परदेशातल्या इमर्जन्सीची सोय असते, पण ती प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांत, २५० डॉलर डिडक्टिबल वजा करून ८० टक्के, आणि आयुष्यभरात मिळून ५०,००० डॉलरपर्यंत.

फुकट आणि निष्पक्ष सल्ला प्रत्येक राज्यात मिळतो. न्यू जर्सीत त्या सेवेचं नाव शिप, टेक्सासमध्ये हायकॅप, नॉर्थ कॅरोलायनात शीप, फ्लोरिडात शाइन. निघण्याआधी जिथे जायचं त्या राज्याच्या सेवेला फोन करावा. तिथले प्लॅन त्यांनाच ठाऊक असतात. नंबर मेडिकेअरच्या १-८००-६३३-४२२७ वर मिळतो. फोन करताना दोघांची मेडिकेअर कार्डं, औषधांची मिलिग्रॅमसकट यादी, नवा झिपकोड आणि घर बदलण्याची तारीख समोर ठेवा. आई-बाबांना इंग्रजी जड जात असेल तर दुभाष्या मागता येतो, त्याचे पैसे लागत नाहीत. मुलगा किंवा मुलगी बोलणार असेल तर सुरुवातीला आई-बाबांनी स्वतः लाइनवर येऊन तशी परवानगी द्यावी लागते, म्हणून फोन ते जागे आणि घरी असतील अशाच वेळी करा.